नडगीच्या हाडात रॉड, सात महिन्यांनंतरही जखमेतून पू: आता नेमके काय करावे?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावासाठी हे लिहीत आहे. त्याचे वय ३४, दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. गेल्या जुलैत पावसात मोटारसायकल घसरून त्याच्या उजव्या नडगीचे हाड घोट्याच्या वर आठ बोटांवर मोडले आणि कातडी फाडून बाहेर आले. त्याच रात्री जखम धुऊन बाहेरून सळ्यांची चौकट बसवली, नवव्या दिवशी ती काढून हाडात रॉड घातला. टाके वेळेवर निघाले आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत सारे ठीक होते.

त्यानंतर मोडलेल्या जागेजवळ टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र पडले. त्यावर खपली धरली की दोन-तीन दिवसांत पाय ठणकू लागतो, रात्री झोप लागत नाही. मग खपली फुटते, पिवळसर पाणी वाहते आणि त्याला एकदम हलके वाटते. असे चार वेळा झाले, आणि चारही वेळा दहा-दहा दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या झाल्या. छिद्रावरून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यात (स्वॅब) एकदा एक जंतू निघाला, दुसऱ्यांदा वेगळाच. एक्स-रेत भेग अजून स्पष्ट दिसते. ताप नाही, साखर नाही.

एक डॉक्टर म्हणतात, नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबू. दुसरे म्हणतात, रॉड काढून नवा घालू. तिसऱ्यांनी थेट रिंग, म्हणजे तारांनी हाडाला धरलेली बाहेरच्या कड्यांची चौकट, लावायला सांगितले. तिघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हेच कळेनासे झाले आहे. पाचवा कोर्स कालच लिहून मिळाला आहे. तो सुरू करावा का?

निवृत्त_अस्थिशल्यचिकित्सक

ताई, रुग्ण न तपासता उपचार सांगणे योग्य नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारावे एवढ्यापुरतेच लिहितो.

खपली धरली की ठणका आणि फुटली की आराम, हे आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरूनच बरेचसे निदान होते. ते छिद्र हाडापर्यंत किंवा रॉडपर्यंत जाणाऱ्या वाटेचे तोंड असणार. ती वाट खरोखर आत पोहोचते असे ठरले, की मोडलेल्या हाडाच्या जागी जंतुसंसर्ग आहे हे सिद्धच मानले जाते. मग सीआरपीचा (रक्तातील दाह दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा नॉर्मल आला तरी त्यावर विसंबून राहायचे नसते. म्हणजे आता शोधायच्या गोष्टी तीन उरतात: जंतू कोणता, हाड किती जुळले आणि रॉड व त्याचे स्क्रू अजून घट्ट आहेत की सैल झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर साध्या एक्स-रेपेक्षा सीटी स्कॅनमध्ये अधिक खात्रीने मिळते.

गोळ्यांनी तात्पुरते बरे का वाटते, तेही सांगतो. धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवरचे शेवाळ वरवर खरवडले तर चार दिवस पायरी स्वच्छ दिसते, पण मूळ दगडालाच चिकटलेले असते. इथेही तसेच घडते. गोळी रक्तातून आजूबाजूच्या मांसापर्यंत पोहोचते, तिथली सूज ओसरते, पण थराच्या आतले जंतू तगून राहतात. शिवाय हाडाचा एखादा तुकडा मेलेला असेल तर त्याला रक्तपुरवठाच नसतो, मग औषध तिथे जाणार कशाने? नडगीच्या पुढच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसते आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठाही बेताचा असतो. त्यामुळे असे तुकडे याच जागी जास्त आढळतात. हाड बाहेर आलेल्या जखमेत असे होऊ शकते, आणि पहिली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सारे नीट केले असले तरीही होऊ शकते, हेही नमूद करतो.

पाचव्या कोर्सबद्दल: ताप, पसरणारी लाली, वाढती सूज असे काही असेल तर आजच रुग्णालय गाठावे, तिथे थांबणे धोक्याचे आहे. पण रुग्ण स्थिर असेल तर आपल्या डॉक्टरांना असे विचारावे: ‘गोळ्या थांबवून, किमान दोन आठवड्यांनी, शस्त्रक्रियागृहात हाडाजवळचे खोल नमुने घेता येतील का?’ गोळ्या चालू असताना घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा जंतू वाढतच नाहीत आणि अहवाल खोटा दिलासा देऊन जातो.

नऊ महिन्यांची व्याख्या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने कामकाजाच्या सोयीसाठी केलेली आहे: नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीही प्रगती दिसली नाही, तर हाड जुळलेले नाही असे धरावे. पू येत असलेल्या पायाला ती लावून बसणे मला पटत नाही.

जंतूशास्त्र_विभाग

मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते, कारण या प्रकरणातली निम्मी हार नमुना आमच्या टेबलावर येण्याआधीच झालेली असते.

छिद्राच्या तोंडावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये कातडीवर वस्तीला आलेले जंतू सापडतात. आतला गुन्हेगार तोच असेल याची खात्री नसते. दोन वेळा दोन वेगळे जंतू निघाले ते बहुधा यामुळेच. खोलवरून, मोडलेल्या जागेच्या आणि रॉडच्या लगतचे किमान पाच नमुने घ्यावेत, प्रत्येकासाठी स्वच्छ वेगळे हत्यार वापरावे आणि प्रत्येक डबीवर जागा लिहावी. दोन किंवा अधिक नमुन्यांत एकच जंतू निघाला तर तो खरा. एकाच डबीत निघाला तर तो नमुना घेतानाच मिसळलेला असू शकतो.

आता एक बारीक पण महागात पडणारी बाब. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा, नमुना फॉर्मालिनमध्ये घालायचा नसतो. फॉर्मालिन जंतूच मारून टाकते. ऊतींच्या तपासणीचा तुकडा तेवढा फॉर्मालिनमध्ये जातो. घाईत दोन्ही तुकडे एकाच बाटलीत पडल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता अर्जावर शस्त्रक्रियेचा उल्लेख दिसला की मी आधी बाटली हुंगते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी याची विनयाने आठवण केली तर कोणाचाही अपमान होत नाही. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून नमुने चौदा दिवस ठेवावेत असेही अर्जावर लिहून घ्यावे. आणि आपल्याकडे क्षयाची तपासणीही त्याच वेळी मागून ठेवावी, कारण त्यासाठी पुन्हा हाड उघडणे कोणालाच परवडत नाही.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. रॉड काढला तर मोडलेले हाड पुन्हा हलणार नाही का? आणि एक लपवत नाही: तो सिगारेट ओढत नाही, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतो. आमच्या घरात आजीपासून सगळेच लावतात, त्यामुळे डॉक्टरांना सांगण्यासारखे त्यात काही आहे असे कधी वाटलेच नव्हते.

निवृत्त_अस्थिशल्यचिकित्सक

हाड हलण्याची आपली शंका अगदी रास्त आहे आणि संपूर्ण निर्णय तिच्याभोवतीच फिरतो. संसर्ग असूनही घट्ट धरलेले हाड जुळू शकते. हलणारे हाड मात्र जुळत नाही आणि संसर्गही हटू देत नाही. म्हणून रॉड काढायचा तर त्याच बैठकीत दुसरा आधार द्यावाच लागतो. एक मार्ग असा की जुना रॉड काढावा, हाडाची पोकळी आतून कोरून धुवावी, मेलेले हाड रक्त दिसेपर्यंत काढावे आणि व्हॅन्कोमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा थर दिलेला रॉड घालावा. आपल्याकडे हा रॉड पुष्कळदा शस्त्रक्रियागृहातच, छातीत घालायच्या नळीचा साचा करून ओततात. सिमेंटमधून औषध जागेवरच झिरपते, रक्तातून द्यायच्या मात्रेने तेवढी तीव्रता कधीच साधत नाही. पुढे अहवालानुसार साधारण सहा ते बारा आठवडे प्रतिजैविके चालतात. त्यांत रिफाम्पिसिन असेल तर ते एकटे कधीच देत नाहीत, जखम कोरडी झाल्यावर जोडीला देतात, आणि त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नये.

मेलेले हाड काढल्यावर मोठी पोकळी उरली, तर मात्र रिंगचा विचार करावा लागतो. म्हणजे आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांमधला मतभेद वरून दिसतो तेवढा खरा नाही. पोकळी किती उरेल याचा अंदाज दोघांनी वेगळा केला आहे, एवढेच.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ती बंद व्हायला हवी, आणि डॉक्टरांच्या कागदावर तिची नोंदही व्हायला हवी. मी स्वतः पहिली काही वर्षे रुग्णांना फक्त ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारत असे, ही माझी चूक.

दीड_वर्ष_रिंग

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. माझ्या डाव्या नडगीतून पाच सेंटिमीटर हाड काढावे लागले आणि ते रिंगवर पुन्हा वाढवले. ज्यांनी ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान येथे विकसित केली, त्या इलिझारोव्ह यांच्याकडे १९८० साली इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी असाच न जुळणारा, आखूड झालेला पाय घेऊन गेले होते. तो बरा झालेला पाहूनच पश्चिम युरोपातल्या डॉक्टरांनी इलिझारोव्ह यांना १९८१ मध्ये इटलीत बोलावले. रुग्णालयात पडून असताना हे वाचून मला जो धीर आला, तो कोणाच्या समजावण्याने आला नव्हता.

आता घरातले सांगतो. निरोगी भागात हाडाला मुद्दाम काप देतात, पाच-सात दिवस थांबतात आणि मग सुटा झालेला तुकडा दिवसाला एक मिलिमीटर सरकवतात, तेही एकदम नव्हे, चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. कड्यांना जोडणाऱ्या सळईच्या आट्यांचे अंतर एक मिलिमीटर असते, म्हणून नट पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. दहा नंबरचा पाना माझ्या उशाशी असे. पत्नीने प्रत्येक नटाच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, म्हणजे कोणता फिरवला आणि कोणता राहिला याचा घोळ होत नसे. एकदा आम्ही एक नट उलटा फिरवला आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी ओळखले.

सरकवणे पन्नास दिवसांत संपते, पण नवे हाड पक्के होईपर्यंत रिंग उतरत नाही. सेंटिमीटरमागे दीड-दोन महिने तरी धरावेत, माझ्यासारख्याला त्याहूनही जास्त लागतात. तारांच्या मुळाशी अधूनमधून चिघळते, त्याची सवय करावी लागते. मला कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे पाऊल: रिंगमध्ये टाच वर ओढली जाऊन पाऊल खाली लोंबू लागते आणि तसेच आखडते. पहिल्या दिवसापासून पावलाला पट्टीचा आधार द्या आणि दिवसातून अनेकदा घोटा वर ताणा. माझे हाड जुळले, पण घोटा आजही पूर्ण वर येत नाही, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येत नाही. पायजम्याची एक बाजू उसवून तिला नाड्या लावून घ्याव्यात, तेवढे शिंप्याकडून आधीच करून ठेवा.

सातारकर

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिशल्याच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. संलग्न रुग्णालयात योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतात. दाखल होण्यापूर्वी शिधापत्रिका, ओळखपत्र आणि पहिल्या शस्त्रक्रियेची डिस्चार्ज समरी घेऊन त्यांना भेटावे. नंतर केलेली धावपळ व्यर्थ जाते.

कृष्णाकाठची (सात आठवड्यांनंतर)

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांच्यासाठी पुढची हकिकत. पाचवा कोर्स सुरू केला नाही. दोन आठवड्यांनी, आमच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे, शस्त्रक्रिया झाली. मी आदल्या संध्याकाळी बाटल्यांविषयी विचारले तेव्हा परिचारिका हसल्या आणि पाच कोऱ्या डब्या काढून मला दाखवल्या. पाचपैकी चार नमुन्यांत एकच जंतू निघाला, स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि तो साध्या औषधांना दाद देणारा आहे. आधीच्या स्वॅबमधले दोन्ही जंतू त्यांत नव्हते. क्षय नाही.

मेलेल्या हाडाचा सुपारीएवढा तुकडा निघाला, पोकळी लहान राहिली, म्हणून सध्या रिंग टळली आहे; आत सिमेंटचा रॉड आहे. छिद्र पाचव्या आठवड्यात बंद झाले. त्यावर आता खपली नाही, गुलाबी कातडी आहे, आणि भाऊ दर रात्री तिथे बोट दाबून दुखते का ते पाहतो. मिश्री त्याने सोडली आहे. आजीने मात्र तिची डबी त्याच्यासमोर उघडणे बंद केले आहे, एवढीच तिची तडजोड. पुढचा सीटी स्कॅन सहा आठवड्यांनी आहे, तेव्हा हाडात नवा भर दिसला नाही तर कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून तिथे भरावा लागेल असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.