डेटा भारतात ठेवला की काम झालं का?

ऐरोलीकर: रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढलं की पेमेंटचा सगळा डेटा भारतातच साठवायचा, मुदत सहा महिने. परदेशी कार्ड कंपन्यांनी खूप कुरकुर केली, पुढे मास्टरकार्डला २२ जुलै २०२१ पासून नवीन ग्राहक घ्यायलाच बंदी आली आणि ती उठायला जून २०२२ उजाडला. माझं मत स्पष्ट आहे, हॉस्पिटल, विमा, सगळ्यांना हाच नियम लावा. सर्व्हर बाहेर असला की आपले पोलीस एका लॉगसाठी, म्हणजे सिस्टीममध्ये कोण कधी आलं त्या नोंदीसाठी, तिकडच्या सरकारला पत्रं लिहीत बसतात.

पेठेतली: दादा, कॉसमॉस बँक विसरलात? ऑगस्ट २०१८, बँक आपल्या पुण्याची. एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात, चोरांनी त्या खऱ्या स्विचच्या जागी खोटा उभा केला, एटीएमने विचारलं की तोच "द्या पैसे" म्हणायचा आणि बँकेच्या सिस्टीमला पत्ताच नाही. २८ देशांतून पैसे काढले, वर स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून, हाँगकाँगला जवळपास १४ कोटी, एकूण ९४ कोटी गेले. डेटा इथे होता म्हणून काय वाचलं?

ऐरोलीकर: चोरी थांबेल असं मी म्हटलंच नाही ताई, पुरावा हाताशी राहतो एवढंच.

रात्रपाळी: मधे बोलतो. मी हिंजवडीत, जर्मन क्लायंटचा सपोर्ट बघतो. सर्ट-इन ही सायबर सुरक्षा बघणारी आपली सरकारी संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर हल्ल्याची घटना कळली की ६ तासांत कळवायचं, युरोपच्या जीडीपीआर या डेटा कायद्यात ७२ तास, आणि तिथे आयपी अ‍ॅड्रेससुद्धा (इंटरनेटवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) वैयक्तिक डेटा धरतात. एकदा रात्री दोनला अनोळखी लॉगिन दिसलं. क्लायंटचा वकील म्हणे आम्हाला विचारल्याशिवाय आयपी कुणाला द्यायचे नाहीत, आमचा म्हणे आठच्या आत मेल गेलाच पाहिजे. शेवटी आयपी झाकून सात चाळीसला रिपोर्ट पाठवला, हात थरथरत होते अक्षरशः. दोन्ही कायदे पाळायचे तर छोट्या कंपनीने करायचं काय?

पेठेतली: हेच तर! आणि लॉग परदेशात ठेवले तरी चालतं, मागितले की देता आले पाहिजेत, असं सर्ट-इननेच नंतर स्पष्ट केलंय. खरी अडचण २०२३ च्या आपल्या डेटा कायद्यातल्या कलम १७ ची आहे, सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. युरोपच्या कोर्टाने जुलै २०२० मध्ये डेटा युरोपबाहेर पाठवण्याबद्दल दिलेल्या श्रेम्स निकालानंतर युरोपची कंपनी डेटा पाठवण्याआधी हेच तपासते, की तिकडचं सरकार किती डोकावू शकतं.

ऐरोलीकर: कलम १७ मलाही खटकतं, त्यावर कोर्टाची देखरेख हवीच. पण पेमेंटचा डेटा इथेच राहिला पाहिजे, यावरून मी हलणार नाही.