इनडोअर स्टेडियममध्ये नेमके कोठे बसावे?

प्रश्न विचारणारे : नवा प्रेक्षक

नमस्कार. बॅडमिंटन आणि बास्केटबॉल हे दोन्ही खेळ मी अनेक वर्षे केवळ टीव्हीवर पाहत आलो. गेल्या काही महिन्यांत मात्र घराजवळच्या इनडोअर स्टेडियममध्ये तीनदा जाणे झाले आणि तिन्ही वेळा अनुभव निराळा आला. पहिल्यांदा बॅडमिंटनला कोर्टाच्या लांब बाजूला, अगदी खालच्या रांगेत बसलो. बुटांचा करकर आवाज ऐकू येत होता, स्मॅशचा वेग जाणवत होता, पण रॅली कशी रचली जात आहे याचा काही थांग लागत नव्हता आणि मान मात्र दोन दिवस दुखत राहिली. दुसऱ्यांदा शहाणपणा करून सर्वांत वरची जागा घेतली, तर सामन्यापेक्षा गुणफलकाकडेच अधिक पाहणे झाले. तिसऱ्यांदा बास्केटबॉलला बास्केटच्या मागची जागा मिळाली आणि पलीकडच्या टोकाला काय घडत आहे, हे लोकांच्या ओरडण्यावरून ताडावे लागले.

प्रत्येक खेळासाठी बसण्याची योग्य जागा वेगळी असते काय? आणि टीव्हीवर जे स्वच्छ दिसते तेवढेही तेथे दिसणार नसेल, तर जाऊन मिळवायचे काय? पुढच्या वेळी वडिलांना व्हॉलीबॉलच्या सामन्याला न्यायचे आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आधीच विचारून घेतो.

उत्तर १ : जुना प्रेक्षक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. बॅडमिंटनचा मुख्य कॅमेरा बहुधा मागच्या रेषेच्या पाठीमागे आणि उंचावर लावलेला असतो, कारण तेथून दोन्ही खेळाडूंमधली मोकळी जागा दिसते. टीव्हीवर आपल्याला रॅली ‘कळते’ ती त्यामुळेच. तशीच समज हवी असेल तर टोकाच्या बाजूला, मध्यम उंचीवर बसावे.

परंतु त्या कॅमेऱ्याला एक गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे शटलचा कमी होत जाणारा वेग. २०२३ मध्ये भारताचा खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर अशी झाली. ती सामन्यातली नव्हती, विक्रमासाठी मुद्दाम घेतलेल्या चाचणीतली होती, आणि तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा होता. पाच ग्रॅमच्या आसपास वजनाच्या शटलच्या त्या सोळा पिसांना हवा इतकी अडवते की, समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचताना त्या वेगाचा थोडाच भाग शिल्लक राहतो. बाजूला बसणाऱ्याला ही घसरण स्पष्ट दिसते. टॉस, म्हणजे मागच्या रेषेकडे उंच मारलेला फटका, शेवटी जवळजवळ सरळ खाली कोसळतो, तेही बाजूनेच पाहावे. तेव्हा आपली पहिली जागा वाया गेली असे मी म्हणणार नाही. फक्त पाच-सहा रांगा वर सरकायला हवे होते.

आणखी एक सांगतो. वातानुकूलनाच्या हवेमुळे शटल एका बाजूला ओढले जाते आणि खेळाडू त्या ओढीशी सतत झगडत असतात. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, आणि २१ गुणांच्या पद्धतीत तिसऱ्या गेममध्ये एकाने ११ गुण गाठले की पुन्हा बदलतात. आधी सहज आत पडणारे टॉस बाजू बदलल्यावर बाहेर का जाऊ लागले, हे एकदा ध्यानात आले की टीव्हीवरचा सामना अपुरा वाटू लागतो.

उत्तर २ : रेषेवरचा

मी स्थानिक स्पर्धांमध्ये रेषापंच म्हणून बसतो, त्यामुळे माझी जागा ठरलेली असते आणि ती कोणत्याही तिकिटावर मिळत नाही. शटल आत पडले की बाहेर, हे रेषेच्या सरळ पुढे डोळा ठेवणाऱ्यालाच खात्रीने सांगता येते. रेषा अवघी ४० मिलिमीटर रुंद असते, ती कोर्टाचाच भाग धरली जाते आणि निर्णय पिसांवर नव्हे तर बूच कोठे टेकले यावर होतो. लांब बाजूला वर बसलेला प्रेक्षक कडेच्या रेषेबद्दल जेव्हा छातीठोकपणे ‘आउट’ म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला ती रेषा तिरकी दिसत असते. (माझ्यावर सर्वाधिक ओरडणारे बहुधा तेथलेच असतात.)

टेबल टेनिससाठी मात्र वरची जागा मुळीच घेऊ नये. त्या खेळाचा जीव फिरकीत असतो आणि मनगटाची ती हालचाल दुरून दिसत नाही. २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर केला गेला, त्यामागे खेळ थोडा संथ होऊन पाहणाऱ्यांना तो नीट दिसावा हाही एक हेतू होता. तरीही दहाव्या रांगेतून तो चेंडू ठिपक्याएवढाच दिसतो.

उत्तर ३ : आराखडा

वरच्या जागेवरून खेळ इतका दूर का वाटला, यात आपला दोष नाही. अशी सभागृहे अनेक खेळांसाठी बांधलेली असतात आणि कायमच्या पायऱ्या सर्वांत मोठ्या मैदानाच्या हिशेबाने मागे घ्याव्या लागतात. हँडबॉलचे मैदान ४० बाय २० मीटरचे, बास्केटबॉलचे २८ बाय १५ चे आणि बॅडमिंटनचे कोर्ट जेमतेम १३.४ बाय ६.१ मीटरचे असते. हँडबॉलसाठी आखलेल्या सभागृहात मधोमध एकच बॅडमिंटन कोर्ट मांडले की चारही बाजूंना ओसाड पट्टा उरतो. पुढे सरकवता येणाऱ्या आसनांच्या रांगा असतील तर तो भरून निघतो. म्हणून तिकीट घेताना त्या दिवशी अशा रांगा मांडल्या जाणार आहेत का, एवढे अवश्य विचारावे.

दुसरी बाब समोरच्या डोक्याची. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर वरून जावी, असा आराखड्याचा चांगला मापदंड आहे. ६ सेंटिमीटरपर्यंत कसेबसे चालते. सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्यांत हे अंतर उरतच नाही, मग त्या कितीही महाग असोत.

बास्केटबॉलचे म्हणाल तर मध्यरेषेच्या जवळ, काही रांगा वर बसणे उत्तम. बास्केटमागची जागा एकाच प्रकारे वसूल होते: मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आपला संघ अर्धा सामना तुमच्याच दिशेने धावत येतो. गंमत अशी की, बास्केटमागचा तो आडवा फलक मुळात प्रेक्षकांमुळेच आला. १८९१ मध्ये या खेळाचे जनक जेम्स नाइस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या १० फूट उंचीवरील कठड्याला टोपल्या टांगल्या. पुढे सज्जातले उत्साही लोक हात घालून चेंडू अडवू लागले, म्हणून मागे आडोसा लावावा लागला. आज तो पारदर्शक असतो, ही मागे बसणाऱ्यांवर कृपाच म्हणायची.

नवा प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हॉलीबॉलबद्दल कोणी स्वतंत्रपणे लिहिले नाही, म्हणून मीच अंदाज बांधतो: जाळ्याजवळची उडी आणि ब्लॉकमधली, म्हणजे चेंडू अडवायला उंचावलेल्या हातांमधली, फट पाहायची, तर टोकाची बाजूच बरी असावी.

जुना प्रेक्षक

अंदाज बरोबर आहे. संघांचे विश्लेषकही बहुधा मागच्या रेषेपलीकडूनच चित्रीकरण करतात. वडिलांसाठी मात्र प्रवेशद्वार ज्या पातळीवर उघडते तीच रांग निवडा आणि मार्गिकेलगतची जागा घ्या, म्हणजे पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत आणि पाय लांब करता येतील. तिकिटापूर्वी एकदा रिकाम्या सभागृहात जाऊन त्या खुर्चीत बसून पाहा. पायऱ्यांचा लोखंडी कठडा नेमका जाळ्याच्या वरच्या कडेवर येत असेल, तर एक रांग वर किंवा खाली जा.

नवा प्रेक्षक

आज जाऊन बसून आलो. कठडा नेमका तेथेच येत होता. एक रांग वरच्या, टोकाच्या बाजूच्या दोन जागा घेतल्या आहेत. वडिलांची मार्गिकेलगतची आहे.