फोर्ड जीपीडब्ल्यू १९४३ (लष्करी जीप): तळ कुजलाय, मॅनिफोल्ड तडकलंय. नवा टब (बॉडी) घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा?

माणदेशी_चाक
नमस्कार मंडळी. आजोबांनी पन्नासच्या दशकात लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप गेली एकोणीस वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीत बाहेर काढली. इंजिन हँडलने फिरतंय, जाम नाही. पुढचा क्रॉसमेंबर उलट्या यू आकाराचा आहे आणि डाव्या चासीवर इंजिन माउंटिंगजवळ जीपीडब्ल्यू अक्षरं नंबरासकट वाचता येतात, म्हणजे गाडी फोर्डचीच.
दुखणी दोन. पहिलं, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ. खालच्या हॅट चॅनलला (तळाला आधार देणाऱ्या, टोपीसारख्या वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीला) स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आतून ओला काळा भुसा गळायला लागला. आधी वाटलं वाळवी लागली, मग कळलं की चॅनलमध्ये मुळातच लाकडी पट्टी असते, तीच सडलीय. दुसरं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा ओतीव पार्ट, मधोमध उभं तडकलंय.
शक्य तितकं मूळ स्वरूपात आणायचंय. टब आणि मॅनिफोल्ड मिळून बजेट दीड लाख. त्याच्या वर खरंच जाता येणार नाही. काय करावं?

रानवाट_४बाय४
दादा, पेट्रोल इंजिनावर एक रुपया घालू नका. मी माझ्या जीपला डिझेल बसवलंय, तेरा-चौदाचं ॲव्हरेज देते आणि घाटात दुसऱ्या गिअरला मजेत चढते. मॅनिफोल्डचा प्रश्नच मिटतो. टब तयार घ्या, तीन-साडेतीन लाखांमध्ये सगळी गाडी उभी राहील.

एकटन_निस्सान
हा विभाग लष्करी ट्रकांचा आहे, जीपसाठी वेगळा धागा काढायला हवा होता. माझ्याकडे एक टनी निस्सान आहे, जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यातली. तिचं सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं इंजिन मी स्वतः उतरवून पुन्हा बसवलंय. हूडचे बो (ताडपत्रीखालच्या कमानी), मागची बाकं, सगळं घरी बनवलं. तुमचं काम त्यापुढे सोपं आहे. चासी सरळ आहे का ते आधी बघा, कर्ण मोजा. चासी तिरकी असेल तर टब कुठलाही आणा, बसणार नाही.

खाकी_पेटी
अमेरिकन लष्कराच्या कागदांत या गाडीचं नावच 'ट्रक, पाव टन, ४×४' असं आहे. धागा योग्य जागी आहे.
माणदेशी, एक कळकळीची विनंती. फोर्डच्या त्या काळातल्या बोल्टांच्या डोक्यावर एफ अक्षर असतं. एकही फेकू नका. गंजलेला असला तरी तेलात ठेवा. आणि चासीवरच्या नंबराजवळ कुणालाही ग्राइंडर लावू देऊ नका.
टब फिलिपिन्सवरून मागवा. मी मागवला. टूलबॉक्सची झाकणं, ग्रॅब हँडल, मागच्या जेरीकॅनचं स्टँड, सगळं जागच्या जागी. खर्च तुमच्या आकड्याच्या बराच वर जाईल, पण हे काम आयुष्यात एकदाच करायचं असतं.

पत्रा_आणि_पाना
मी उत्तरेकडून तयार बॉडी आणली होती. नाव घेत नाही. फोटोत सुंदर दिसत होती. उतरवून घेतल्यावर कळलं, बॉडी माउंटिंगची तीन भोकं चासीला जुळत नाहीत आणि डॅशबोर्ड नंतरच्या सिव्हिलियन मॉडेलचा आहे. मूळ टबला स्पॉट वेल्डचे ठिपके असतात, याला सलग गॅस वेल्ड ओढलेला आणि वरून पुट्टी. दोन पावसाळ्यांत पुट्टी सुटली. पैसे परत मागितले तर फोन उचलणं बंद. तयार बॉडी घेणाऱ्यांनी आधी टेप घेऊन स्वतः जावं.

सह्याद्री_राजा७२
रानवाट म्हणतात ते बरोबर. डिझेल टाका.

जुना_फिटर
डिझेल टाकायच्या आधी गिअरबॉक्सचा विचार करा. लष्करी जीपचा टी-८४ गिअरबॉक्स मुळातच नाजूक, तो साठ हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला. डिझेलच्या टॉर्कने त्याचे दात गेलेले मी दोनदा उघडून पाहिलेत. मग गिअरबॉक्स बदला, मग क्लच हाउसिंग बदला, असं करत शेवटी जीपचं फक्त बॉनेट उरतं.
मॅनिफोल्डसाठी निकेल रॉडने वेल्डिंग करा. आधी अख्खा पार्ट गरम करायचा, वेल्ड झाल्यावर कोरड्या राखेत पुरून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यायचा. दोन हजारांत काम होतं.

सह्याद्री_राजा७२
जुन्या महिंद्रा जीपचं मॅनिफोल्ड बसेल ना? ब्लॉक खालून सारखाच असतो. भंगारात ढिगाने मिळतात.

उद्यमनगरी
नाही बसणार. महिंद्राच्या त्या हरिकेन इंजिनात इनटेकचा (पेट्रोल-हवा आत जाण्याचा) रस्ता हेडमध्येच ओतलेला असतो. लष्करी जीपच्या गो-डेव्हिल इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ब्लॉकच्या बाजूला, एकमेकांना बोल्ट केलेले. खालचा ब्लॉक भाऊबंद असला तरी हा पार्ट वेगळा.
वेल्डिंगबद्दल काकांचा अनुभव मोठा, पण तडा मधोमध, म्हणजे हीट व्हॉल्व्हच्या (धुराची ऊब इनटेककडे वळवणाऱ्या झडपेच्या) जागी असेल तर तिथली धातू वर्षानुवर्षं जळून पोकळ झालेली असते. वेल्डच्या शेजारीच नवा तडा जातो. माझं तेच झालं, आठ महिन्यांत.
भावा, कोल्हापूरला ये. इथं शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीला फौंड्र्या आहेत, एक-दोन नग ओतून देणारे छोटे लोकही आहेत. मोठ्या फौंड्रीत जाऊ नकोस, ते एका नगासाठी भट्टीजवळ उभं करणार नाहीत.
माझी चूक सांगतो, म्हणजे तू करणार नाहीस. मी जुनाच पार्ट पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वाळूत दाबायला दिला. कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ४०० मिलिमीटरच्या पार्टमागे ४ मिलिमीटर गेले. नवा पार्ट दिसायला हुबेहूब, पण ब्लॉकवर धरला तर मधला स्टड (ब्लॉकमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) बसतोय आणि दोन्ही टोकांचे नाहीत. भोकं लांबवून बसवला असता तर पोर्ट आणि रस्ता जुळला नसता. पार्ट फुकट गेला, पॅटर्न नव्याने करावा लागला.
म्हणून पॅटर्नमेकरकडून लाकडी पॅटर्न आकसपट्टीच्या (आकसणं धरून आखलेल्या मोजपट्टीच्या) मापाने करून घे. ज्या तोंडांवर मशिनिंग होणार तिथं ३ मिलिमीटर जादा ठेवायला सांग. आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, वेगळा असतो, त्याची पेटी बनवायला पॅटर्नपेक्षा जास्त वेळ लागतो. पैसेही तिथंच जातात, तिथं घासाघीस करू नकोस. आणि तडकलेला तुकडा टाकून देऊ नकोस. एक तुकडा उभा कापून दे, म्हणजे भिंत किती जाड आहे ते पॅटर्नमेकरला डोळ्यांनी दिसेल.
कास्टिंग हातात आलं की इनटेक आणि एक्झॉस्ट एकत्र बोल्ट कर आणि मगच ब्लॉककडची तोंडं एका पातळीत मारून घे. गाडीवर बसवताना मात्र उलटं. दोघांमधले बोल्ट ढिले ठेव, आधी ब्लॉकचे नट मधून बाहेरच्या दिशेने कस, मग दोघांमधले बोल्ट. हा क्रम चुकल्यामुळेही मॅनिफोल्ड तडकतात.

जुना_फिटर
उद्यमनगरी बरोबर आहेत. हीट व्हॉल्व्हपाशी तडा असेल तर माझा उपाय मागे घेतो.
त्यांच्यात एक भर घालतो. या गाडीचे बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आहेत. ५/१६ इंचाचा बोल्ट मेट्रिक एम ८ (८ मिलिमीटर) सारखाच दिसतो, पोरं एम ८ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवतात, दोन फेरे जातो आणि मग मूळ आटा खाऊन टाकतो. ब्लॉकमध्ये हे झालं तर दुरुस्ती फार महागात पडते. टॅप आणि डाय इंचीच आणा; ५/१६ यूएनएफला इंचाला २४ आटे.

खाकी_पेटी
रंगाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. ऑलिव्ह ड्रॅब मॅट, पांढरा तारा, त्याशिवाय ही गाडी पूर्ण होत नाही.

पक्का_कागद
रंग आणि कागद दोन्ही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२१ स्पष्ट आहे: संरक्षण दलाची वाहनं सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही.

खाकी_पेटी
माझी सहा वर्षं फिरतेय. रॅलीत पोलीस स्वतः फोटो काढून घेतात.

पक्का_कागद
फोटो काढतात म्हणून नियम बदलत नाही. कुणी अडवलं तर धागाकर्त्याला त्रास होईल, तुम्हाला नाही.
आता महत्त्वाचं. २०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी व्हीए मालिकेची नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावीत, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. डिझेल टाकलं की ती वाट बंद. नव्या टबावरही प्रश्न येऊ शकतो. आणि ही मालिका दुचाकी आणि खासगी चारचाकीसाठी आहे, मालवाहू ट्रकांना लागू नाही.

एकटन_निस्सान
हाच तर अन्याय आहे. ज्या गाड्यांनी सीमेवर रसद ओढली त्यांना वारसा म्हणून नोंदणी नाही. माझी गाडी चालू अवस्थेत आहे आणि कुंपणाबाहेर नेता येत नाही. यावर कुणी बोलत नाही, सगळे जीप आणि मोटारींचंच बघतात.

ऊसवाला_सांगली
गंजासाठी सँडब्लास्टिंग करू नका. माझ्या बॉनेटचा पत्रा तापून लाटांसारखा झाला, आजही उन्हात तिरकं बघितलं की दिसतो. मी नंतर मळी वापरली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, जुन्या टाकीत तीन आठवडे बुडवून ठेवायचं. गंज जातो, चांगलं लोखंड तसंच राहतं. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा पार्ट चुकूनही घालायचा नाही, तो खाल्ला जातो. कारखान्यातून मळी अशी सुटी मिळत नाही, परवान्याचा माल आहे. मी पशुखाद्याच्या दुकानातून घेतली. वास सुटतो, टाकी घरापासून लांब ठेवा. टबाचे सुटे भाग, सीटच्या फ्रेम, ब्रॅकेट यांना यासारखं दुसरं काही नाही.

पत्रा_आणि_पाना
चाकं कुठली आहेत? दोन भाग बोल्टने जोडलेले कॉम्बॅट रिम असतील तर व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय एकही नट ढिला करू नका. आमच्या ओळखीतल्या एकाचा हात मनगटात मोडला. थोडी हवा राहिली तरी रिमचा अर्धा भाग उडतो.

सह्याद्री_राजा७२
टायर ६.००-१६ लागतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला तेच येतात, स्वस्त पडतात.

जुना_फिटर
माप तेच, पण ते रेघांचे टायर डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबला की सरकतात. जीपला नकोत. आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणि सगळे रबरी पाइप आजच बदला, इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं.

खाकी_पेटी
माणदेशी, टबाचे मागचे फोटो टाकले नाहीत अजून. मागचा पत्रा शाबूत आहे का? त्यावरून नवा की जुना ते ठरेल.

माणदेशी_चाक
उशिराबद्दल माफी, ऊसतोड चालू होती. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः उद्यमनगरी आणि फिटरकाका.
मागचा पत्रा शाबूत नाही. लष्करी जीपला मागे बंद पत्रा असतो हे मला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी तो गावच्या लोहाराकडून कापून घेतला आणि बिजागऱ्या लावून खाली पडणारा दरवाजा केला, कारण पाण्याची पिंपं बाजूने चढवता येत नव्हती. त्या दोन वर्षांत आमच्या वस्तीचं पाणी याच गाडीने आलं. बिजागऱ्या बैलगाडीच्या लोखंडाच्या आहेत, अजून घट्ट.
मी टब बदलत नाही, आणि तो दरवाजाही बंद करत नाही. यावर इथं बहुतेक जण नाराज होतील, पण घरात बसून ठरवलंय. तळाचा पुढचा अर्धा भाग १८ गेजच्या पत्र्याचा नवा करतोय, स्पॉट वेल्डने. हॅट चॅनल म्हसवडच्या फॅब्रिकेटरकडून वाकवून घेतले, आत लाकडाऐवजी काही घालणार नाही, पाणी निघायला खाली भोकं ठेवलीत. मागच्या कापामुळे व्हीए मिळाली नाही तर गाडी वस्तीवरच फिरेल. रंग राखाडी, आजोबांनी दिला होता तोच. दरवाजाच्या आतल्या बाजूला त्याचा हातभर तुकडा शाबूत सापडलाय, त्यावरून मिळवून घेतो.
मॅनिफोल्डचा पॅटर्न गेल्या मंगळवारी उद्यमनगरात दिला. जुना तुकडा कापून सोबत ठेवला. पॅटर्नमेकरने आकसपट्टी स्वतःच काढली, मला सांगावं लागलं नाही. कोअरपेटीला तीन आठवडे म्हणाले. आत्तापर्यंत सगळं मिळून ८४,००० झालेत.
एकच अडलंय. ब्लॉकमधला एक मॅनिफोल्ड स्टड तुटून आत राहिलाय, ब्लॉकच्या तोंडाशी सपाट. ड्रिल मारून काढू की त्यावर नट वेल्ड करून? आणि सातारा-कराडकडे कुणाकडे यूएनएफ टॅपचा सेट दोन दिवसांसाठी मिळेल का? मी स्वतः घ्यायला येतो.

जुना_फिटर
ड्रिल नको, आधी नट वेल्ड करून बघा. गरम असतानाच त्यावर मेणबत्तीचं मेण लावा, आत शोषून घेतं, मग पुढे-मागे हलवत काढा. टॅप माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी या, येताना स्टडची जागा दिसेल असा फोटो आणा.