प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, ल्युब्लियाना: दहा दिवसांत गाडीने जमेल का?

निळीछत्री

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण निघतोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. प्रागला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि दहाव्या दिवशी प्रागलाच परत द्यायची, एवढं पक्कं आहे. बाकी आराखडा नवऱ्याने केलाय: प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, ल्युब्लियाना, जवळचं ब्लेडचं तळं आणि साल्झबुर्गवरून परत. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं आणि "पाच राजधान्या होतील" हे त्याचं पालुपद.

सीमेवर गाडी अडवतात का? प्रत्येक देशाचं टोलचं स्टिकर वेगळं असतं म्हणे, ते कुठून घ्यायचं? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालणं होत नाही, म्हणून गाडीचा घाट घातलाय. मला मात्र आतून वाटतंय की आम्ही नुसते हायवे बघून परत येऊ. आडपडदा न ठेवता सांगा.

हेमंतऋतू

राजधान्याच बघायच्या असतील तर गाडी कशाला? प्राग-व्हिएन्ना थेट रेल्वे आहे, चार तासांत पोचवते. व्हिएन्ना-बुडापेस्ट त्याहून कमी. स्टेशनं गावातच आणि पुढे ट्राम दाराशी. माझं मत रेल्वेला.

ब्रनोवासी

हेमंतऋतू यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. राजधान्या गोळा करायला गाडी हे सगळ्यात वाईट वाहन. व्हिएन्नात मार्च २०२२ पासून जवळपास सगळं शहर अल्पकालीन पार्किंगच्या हद्दीत आलंय. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते रात्री दहा, पैसे मोजूनसुद्धा दोन तासांच्या वर गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही. प्रागमधल्या निळ्या पट्ट्यांच्या पार्किंगच्या जागा मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी. म्हणजे गाडी शहराच्या कडेला लावून मेट्रोने आत जायचं आणि भाड्याचं मीटर चालूच. मग गाडी घेतलीत कशासाठी?

पण मी रेल्वेवाला नाही. मी ब्रनोला राहतो, सुट्टी मिळाली की दक्षिणेकडे सुटतो, हा टापू पायाखालचा आहे. इथे गाडीची मजा दोन राजधान्यांच्या मध्ये आहे आणि मध्ये म्हणजे नेमकी सीमेवर. लोक तीच ताशी १३० ने ओलांडून जातात.

आधी तुमचा प्रश्न. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्लोव्हेनिया २१ डिसेंबर २००७ ला शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आले. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी सीमा म्हणजे एक निळी पाटी, त्यावर चांदण्यांचं कडं आणि मध्ये देशाचं नाव. पुढे वेगमर्यादांचा फलक, की झालात तुम्ही परदेशी. अपवाद ऑस्ट्रियाचा. त्यांनी २०१५ मध्ये हंगेरी आणि स्लोव्हेनियाच्या बाजूला 'तात्पुरती' तपासणी सुरू केली, ती मुदतवाढ घेत घेत अजून तात्पुरतीच आहे. हायवेवर वेग कमी करायला लावतात, पोलीस काचेतून आत डोकावतो आणि बहुतेक वेळा हातानेच पुढे व्हा म्हणतो. तरी पाचही पासपोर्ट पुढे हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नकोत.

आता मी असतो तर कसा गेलो असतो ते सांगतो. प्रागहून डी-१ हायवेने ब्रनो. (ब्रनोला थांबा म्हणत नाही, थांबलात तर आनंद आहे.) तिथून खाली मिकुलोव्ह. टेकडीवर किल्लेवजा वाडा, भोवती द्राक्षमळे, समोर पवित्र टेकडी आणि ऑस्ट्रिया अगदी दाराशी. सप्टेंबरात इथे द्राक्षतोडणी चालू असते आणि बुरचाक मिळतो, म्हणजे अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड रस. कायद्याने तो १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर एवढाच विकता येतो. पिताना सरबत वाटतो आणि उठताना कळतो. गाडी चालवणाऱ्याने त्याकडे बघायचंही नाही, कारण चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी तिन्हीकडे चालकाला दारूची मर्यादा शून्य आहे. सासऱ्यांना चालेल. मिकुलोव्हचा द्राक्षोत्सव सप्टेंबरातच असतो, त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं मुश्किल, तेव्हा तारखा बघून बुकिंग करा.

दुसऱ्या दिवशी वाल्टित्से. हे गाव पहिल्या महायुद्धानंतरच्या तहापर्यंत ऑस्ट्रियात होतं, १९२० मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडे आलं. म्हणजे इथे माणसं जागेवरच राहिली, सीमा तेवढी सरकली. जवळच तळ्याकाठी लिख्टेनश्टाइन सरदारांचा एक छोटा महाल आहे, तो मुद्दाम मोराव्हिया (चेकचा हा पूर्वेकडचा भाग) आणि ऑस्ट्रियाच्या जुन्या हद्दीवर बांधलेला. वाल्टित्से आणि लेडनित्से मिळून हा सगळा परिसर १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. लेडनित्सेची बाग सपाट आहे, बाकं भरपूर, गुडघ्यांना काही त्रास नाही.

तिथून व्हिएन्नाच्या हायवेला न लागता ऑस्ट्रियात शिरा आणि मोराव्हा नदीच्या कडेकडेने खाली या. आंगर्न गावाला नदीवर गाड्या पलीकडे नेणारी 'तर' (फेरीबोट) आहे, तारेला धरून सरकणारी. पलीकडचा काठ म्हणजे स्लोव्हाकियातलं झाहोर्स्का वेस. मोजक्या गाड्या मावतात, नदी इतकी अरुंद की मुलगा "सुरू कधी होणार?" म्हणेपर्यंत पलीकडे. पाणी चढलं की बंद असते, म्हणून सकाळी मुक्कामावरून चौकशी करून निघा. नाहीतर वर होहेनाऊला पूल आहेच. मग देवीनचा किल्ला, जिथे मोराव्हा डॅन्यूबला मिळते. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. वर चढायची गरज नाही. खाली नदीकाठी एक स्मारक आहे, साम्यवादी काळात ही सीमा ओलांडताना मारले गेलेल्यांचं. समोरचं पाणी बघा. पोहून जाता येईल असं वाटतं, आणि त्यांनाही तसंच वाटलं होतं.

ब्रातिस्लाव्हा अर्धा दिवस. जुनं गाव सपाट आणि आटोपशीर.

पुढचा टप्पा माझा लाडका. बुडापेस्टचा हायवे सोडून स्लोव्हाकियाच्या बाजूने ६३ नंबरच्या रस्त्याने कोमार्नोमार्गे श्तुरोवो गाठा. या पट्ट्यात हंगेरियन भाषक मोठ्या संख्येने राहतात, गावांची नावं दोन्ही भाषांत लिहिलेली दिसतील. श्तुरोवोला मुक्काम करा, पलीकडे एस्टरगोमला नको. का ते संध्याकाळी नदीवर गेल्यावर कळेल: हंगेरीतलं सगळ्यात मोठं चर्च एस्टरगोमच्या कड्यावर उभं आहे आणि ते अख्खं दिसतं ते या काठावरून. मधला लोखंडी पूल १८९५ चा. डिसेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी त्याचे मधले गाळे उडवले. दोन्ही काठांवरचे तुटके गाळे पाण्याकडे तोंड करून तसेच राहिले, कारण मैत्रीच्या गप्पा मारणाऱ्या दोन्ही साम्यवादी सरकारांना तो जोडावासा वाटला नाही. पूल पुन्हा खुला झाला ऑक्टोबर २००१ मध्ये. सकाळी लवकर उठलात तर पुलावर कामाला जाणाऱ्यांची वर्दळ दिसेल. एस्टरगोमला सुझुकीचा कारखाना आहे आणि तिथे अलीकडच्या काठावरची माणसंही कामाला जातात. पूल अर्धा किलोमीटर, फुटपाथ आहे. सासऱ्यांना मध्यापर्यंत नेऊन आणा, एक पाय इकडे एक पाय तिकडे असा फोटो होतो.

एस्टरगोमहून बुडापेस्टला ११ नंबरचा रस्ता विशेग्रादवरून, डॅन्यूबच्या वळणाच्या काठाकाठाने जातो. त्यानेच जा.

स्टिकरचं: त्याला विनेट म्हणतात. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्लोव्हेनिया, चौघांचंही आता ऑनलाइन, नंबरप्लेटवर नोंदवलेलं. काचेवर चिकटवायचं काही नाही, कॅमेरे नंबर वाचतात. ऑस्ट्रियाचंही ऑनलाइन मिळतं. सरकारी साइटवरूनच काढा. शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात, तेच विनेट चढ्या भावाने विकतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने हंगेरीचं काढताना गाडीचा नंबर बरोबर टाकला, पण नंबर कोणत्या देशाचा ते यादीत आधीच निवडलेलं होतं तसंच ठेवलं. कॅमेऱ्याच्या लेखी ती गाडीच वेगळी. दंड गाडी देणाऱ्या कंपनीकडे गेला आणि कंपनीने कागद पुढे सरकवण्याचे पैसे वर लावले. तुमची गाडी चेक नंबरची असेल, तेव्हा देश चेक.

गंमत म्हणजे मिकुलोव्हपासून बुडापेस्टपर्यंत मी सांगितलेल्या वाटेवर विनेट लागतच नाही, सगळे साधे रस्ते आहेत. नेव्हिगेशनमध्ये 'टोल टाळा' तेवढं लावा.

कागदीघोडा

ब्रनोवासींनी वाट सांगितली, मी कागद सांगतो.

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आरटीओकडून मिळतो, एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही जवळ हवंच. गाडी बुक करतानाच कोणकोणत्या देशांत नेणार ते लिहून द्या. परवानगी नसताना सीमा ओलांडली तर विमा हात वर करू शकतो. गाडी दुसऱ्या देशात सोडायचे पैसे भरमसाट असतात, प्रागलाच परत देताय ते शहाणपणाचं.

मुलासाठी बूस्टर सीट. ऑस्ट्रियात १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत लागते, चेकमध्ये दीडशेपर्यंत (आणि वजन ३६ किलोपर्यंत). मुलाची उंची या दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर नियम सीमेगणिक बदलेल. सगळीकडे बसवा आणि विसरा. पाच माणसं, बॅगा आणि बूस्टर म्हणजे छोटी गाडी घेऊ नका, मागे बसणाऱ्या सासूबाई दहा दिवस ऐकवतील.

गाडी ताब्यात घेताना डिकीत त्रिकोण, चमकदार जॅकेट आणि प्रथमोपचार पेटी आहे का बघा. ऑस्ट्रियात तिन्ही सक्तीचं आहे. चेक, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियात दिवसाही दिवे चालू. आणि ऑस्ट्रियाच्या हायवेवर वाहतूक तुंबली की लगेच, रुग्णवाहिका दिसायची वाट न बघता, डावीकडच्या लेनने डाव्या कडेला आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं. मधली वाट मोकळी ठेवायचा नियम आहे, न पाळल्यास दंड.

निळीछत्री

काय लिहिलंय तुम्ही दोघांनी! श्तुरोवो नक्की. नवऱ्याला वाचायला दिलं, तो तरीवर अडकून बसलाय, आता तीच पाहिजे म्हणतो. पण ब्लेडचं काय? मुलाने तळ्यातल्या बेटावरच्या चर्चचं चित्र भिंतीवर लावलंय. बुडापेस्टहून तिकडे गेलोच तर?

ब्रनोवासी

बुडापेस्ट ते ल्युब्लियाना साडेचारशे किलोमीटरच्या वर आणि ब्लेडहून प्राग सहाशेच्या वर. शेवटचे दोन-तीन दिवस गाडीतच जातील, सासऱ्यांच्या गुडघ्यांचं काय होईल ते बघा. एकतर डॅन्यूब नाहीतर आल्प्स, दहा दिवसांत दोन्ही नाही. आल्प्सच निवडलंत तर बुडापेस्ट पूर्ण सोडा, मिकुलोव्हहून ग्राझमार्गे खाली उतरा आणि ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात कारावांकेनच्या हायवेवरच्या लांबलचक बोगद्याऐवजी शेजारच्या ल्युबेल घाटाने शिरा. ल्युबेललाही एक छोटा बोगदा आहे, तो नाझींनी माउटहाउजेनच्या छळछावणीतून आणलेल्या कैद्यांकडून १९४३ पासून खोदून घेतला. स्लोव्हेनियाच्या बाजूला त्यांच्या छावणीचे अवशेष रस्त्यालगतच जपलेत. स्लोव्हेनियाचं सगळ्यात लहान विनेट एका आठवड्याचं, एका दिवसाचं मिळत नाही, आणि नसताना सापडलात तर दंड ३०० युरोपासून पुढे.

डॅन्यूब निवडलंत तर परतीला बुडापेस्टहून शोप्रोन, हंगेरीतलंच ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं गाव. गावाबाहेर १९ ऑगस्ट १९८९ ला 'सहल' म्हणून लोक जमले, सीमेचं फाटक थोड्या वेळासाठी उघडलं आणि सहाशेहून अधिक पूर्व जर्मन माणसं ऑस्ट्रियात निघून गेली. बर्लिनची भिंत त्यानंतर तीन महिन्यांच्या आत उघडली. आता तिथे मोकळं मैदान आणि स्मारक आहे. शोप्रोनहून प्राग चारशेच्या आसपास, एका दिवसात आरामात. त्या दिवसापुरतं ऑस्ट्रियाचं एका दिवसाचं विनेट घ्या. ते चोवीस तासांचं नसतं, त्या तारखेचं असतं, मध्यरात्री संपतं.

निळीछत्री

डॅन्यूब. मुलाला दहावी झाल्यावर ब्लेड, असा करार झाला. नवरा दोन राजधान्या गेल्या म्हणून रुसलाय, पण व्हिएन्नाच्या पार्किंगचे नियम वाचून गप्प बसला. रात्री अशा: प्राग दोन, मिकुलोव्ह दोन, श्तुरोवो एक, बुडापेस्ट दोन, शोप्रोन एक, शेवटची पुन्हा प्राग. आता व्हिसा कुणाकडे मागायचा? आणि इतक्या सीमा ओलांडणार तर मल्टिपल एंट्री लागेल का?

कागदीघोडा

सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे आत शिरणं एकदाच मोजलं जातं. सिंगल एंट्री पुरते. अर्ज जिथे जास्त रात्री त्या देशाकडे: चेकच्या पाच, हंगेरीच्या तीन, स्लोव्हाकियाची एक. चेक. अर्जाला जोडाल त्या हॉटेल बुकिंगमध्येही हाच हिशोब दिसू द्या. नवऱ्याने मध्येच बुडापेस्टला दोन रात्री वाढवल्या तर आकडे उलटतात, तेव्हा त्याला आत्ताच विचारून घ्या.