मदत हवी आहे : ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसम’

नमस्कार मंडळी. हर्णैहून लिहितोय. भाचीला शाळेत एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा लिहायची आहे. तिने ‘मान्सून’ निवडला आणि अडकलो मी!

एवढं हाती लागलंय : मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी खलाशांना तो गलबतं हाकारायचा हंगाम. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे यायचं, हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत. दाभोळला अरबी घोडे उतरायचे ते याच हिशोबाने. पुढे पोर्तुगीजांनी शब्द उचलला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला. तेव्हा अर्थ होता वारा. आज मान्सून म्हटलं की छत्रीच आठवते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात तर उन्हाळी वादळी पावसालाही मान्सून म्हणतात. हवामानशास्त्रात मात्र अजून वाराच मुख्य.

गंमत म्हणजे तोच अरबी शब्द आपल्याकडे आधीच ‘मोसम’ होऊन बसलाय. हापूसचा मोसम म्हणतो, तेव्हा पावसाचा थेंबही नसतो.

आता अडलंय ते इथे. ‘आगोट’ (पावसाळ्याची चाहूल), ‘खारा वारा’ (समुद्रावरून जमिनीकडे येणारा), ‘मतलई’ (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) हे शब्द माहीत आहेत. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांना आणि होड्या परत पाण्यात लोटायच्या वेळेला तुमच्याकडे काय म्हणतात? घरातले जुने तांडेल (होडीचे प्रमुख) ‘मोसम’ वाऱ्यासाठी वापरायचे का? मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धनवाल्यांनी जरूर सांगा. गावाचं नावही लिहा. वही सोमवारी द्यायची आहे.