खोल्या अडवण्याआधी करारातली मोजणी बघा

लग्नाच्या पाहुण्यांसाठी हॉटेलात ‘खोल्या भरपूर अडवून ठेवा, नको झाल्या तर सोडता येतात’ असा सल्ला देतात, तो अर्धाच बरोबर आहे. हॉटेलने नुसत्या राखून ठेवलेल्या खोल्या सोडता येतात. सही केलेल्या करारात मात्र बहुधा घेतलेल्यांपैकी किमान ठरावीक खोल्या भरल्याच पाहिजेत अशी अट असते, बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५० खोल्या घेतल्या आणि पाहुणे ३४ खोल्यांतच उतरले, तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने होणाऱ्या ४० ला कमी पडलेल्या ६ खोल्यांचं भाडं यजमानांच्या माथी. ही मोजणी रात्रीगणिक वेगळी की सगळ्या रात्री मिळून, हे नक्की विचारा. लग्नाच्या आदल्या रात्री हॉटेल गच्च असतं, दुसऱ्या दिवशी निम्मे लोक निघून जातात. एकत्रित मोजणी असेल तर ती तूट बरीचशी भरून निघते.

अजून एक गोष्ट या सल्ल्यात येत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात कित्येक पाहुण्यांनी बुकिंगच्या साइटवर भाडं कमी दिसलं म्हणून परस्पर खोल्या घेतल्या. राहिले त्याच हॉटेलात, पण आपल्या कोट्यात, म्हणजे करारातल्या खोल्यांत, धरलेच गेले नाहीत! शेवटी मॅनेजरसमोर बसून आमची यादी त्यांच्या नोंदींशी एकेक नाव ताडून पाहिली. बायकोचं नाव आमच्याकडे, बुकिंग नवऱ्याच्या नावावर, असं बरंच निघालं. मॅनेजर भला होता, त्याने ऐकलं. पण अशा खोल्या आपल्याच कोट्यात धरल्या जातील, हे करारातच लिहून घ्या.