मदत हवी आहे: मांडवीतून मालवण, शिडाने. अंदाज ५ नॉट सांगतो, दुपारी १४ येतो!

उलटा_वारा | रात्री ९:४०

नाताळच्या सुट्टीत होडी गोव्याहून मालवणला न्यायची आहे. सकाळी पूर्वेकडून मस्त वारा असतो. दहाला तो मरतो, मग तास-दीड तास आरशासारखं पाणी, आणि एकनंतर वायव्येकडून थेट तोंडावर १२-१४ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). रोजचं हेच. डाउनलोड केलेला अंदाज मात्र दिवसभर ४-५ दाखवतो. मुंबईत चार हिवाळे शीड लावलं आहे, तिथलं गणित इथे लागतच नाही. कुठला अंदाज वापरू एवढंच सांगा. सोमवारपर्यंत रजेचा अर्ज टाकायचा आहे. "अनुभवाने कळेल" छापाचे प्रतिसाद नकोत.

मांडवीकाठ | रात्री ९:५८

आधी हे सांगा: होडी किती फुटी, पाण्याखाली किती बुडते, इंजिन कुठलं, माणसं किती? सुटणार पणजीहून की दोना पावलाहून? आणि अंदाजाची फाइल दर किती तासांची घेता? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

हार्बरकर | रात्री १०:०५

हवामानाचं संगणकी मॉडेल बदला, दुसरं काही नाही. युरोपियन मॉडेल घ्या, अमेरिकन सोडा. आणि हिवाळ्यात पश्चिम किनारा सगळा सारखाच, सकाळी ईशान्य, दुपारी वायव्य. खरा खेळ प्रवाहाचा. भरती-ओहोटी साधली की अर्धं काम झालं.

भांग_उधाण | रात्री १०:२१

@हार्बरकर, सारखाच कसा? मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, गोव्यात दोनेक मीटर, कोचीला जेमतेम एक. खंबातच्या आखातात तर दहा मीटर. मुंबई बंदरात दोन-तीन नॉटचा प्रवाह होडीला ढकलतो, म्हणून तुम्हाला प्रवाहच दिसतो. इथे मांडवीच्या तोंडावरच्या आग्वादच्या बाहेर पडलं की किनाऱ्याने प्रवाह अर्धा नॉटसुद्धा क्वचित. गोव्यात प्रवाह फक्त नदीच्या तोंडाशी मोजायचा. बाहेर सगळा कारभार वाऱ्याचा.

खोबरेल | रात्री १०:३०

उलटीसाठी आल्याचा तुकडा तोंडात ठेवा. गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. रिकाम्या पोटी अजिबात जाऊ नका.

उलटा_वारा | रात्री १०:३४

@खोबरेल उलटीचा धागा नाही हो हा, ते माझं टोपणनाव आहे.

@मांडवीकाठ २४ फुटी, कायमची कील (तळाखालचं जड पातं), १.३ मीटर बुडते. ८ हॉर्सपॉवर आउटबोर्ड (मागे टांगलेलं इंजिन). दोन माणसं. होडी पणजीसमोर बॉयाला (तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. फाइल सहा-सहा तासांची, लहान असते म्हणून.

मांडवीकाठ | रात्री १०:५२

सापडलं. फाइलमधली वेळ ग्रीनिचची असते. ००, ०६, १२, १८ म्हणजे आपले पहाटेचे ५:३०, सकाळचे ११:३०, संध्याकाळचे ५:३० आणि रात्रीचे ११:३०. आता बघा, साडेअकराला मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, मेलेला असतो आणि खारा, म्हणजे समुद्रावरचा वारा, अजून उठायचा असतो. साडेपाचला खारा उतरणीला लागलेला. तुमच्या फाइलमध्ये दुपारचे तीन वाजतच नाहीत! दर तासाची घ्या, निदान तीन तासांची तरी. मग ०९ ची ओळ म्हणजे दुपारी अडीच, तिथे तुम्हाला १० तरी दिसतील.

उरलेले दोन-चार नॉट कुठल्याच मॉडेलमध्ये मिळायचे नाहीत. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून अंदाज काढतं, युरोपियनचा एक चौकोन नऊ किलोमीटरचा. आग्वादचा डोंगर, मांडवीचं तोंड, काबोचं टोक आणि समुद्र, सगळं एका-दोन चौकोनांत घुसळलेलं. दुपारच्या आकड्यावर तीन-चार नॉट स्वतः चढवायचे. फेब्रुवारीनंतर आणखी, कारण तेव्हा जमीन जास्त तापते आणि वायव्य वारा मुळातच वाढतो. डिसेंबर-जानेवारी त्या मानाने गरीब.

हार्बरकर | रात्री ११:०३

म्हणजे मी म्हटलं तेच, युरोपियन घ्या.

पोन्नानी | रात्री ११:१५

"सगळा किनारा सारखा" हे मात्र मलाही पटलं नाही. केरळात पालक्काडची खिंड आहे, सह्याद्रीतलं तीसेक किलोमीटरचं भगदाड. नोव्हेंबर ते मार्च तिथून पूर्वेचा वारा सुटतो, त्रिशूर-पोन्नानीच्या पट्ट्यात भर दिवसासुद्धा चालू राहतो आणि खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. शंभर किलोमीटर वर-खाली सरका, हा प्रकार गायब. आणि पूर्व किनारा बघाल तर वेगळंच जग. चेन्नईला डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस आणि ईशान्येची उंच लाट, म्हणजे आपला जुलै तसा त्यांचा नोव्हेंबर. पाल्कच्या सामुद्रधुनीत जानेवारीतही दिवसभर उत्तर-ईशान्य वारा जोरात. तिथला माणूस गोव्यात डिसेंबरात आला तर म्हणेल, इथे वाराच नाही.

तांबडो_नांगर | रात्री ११:२८

बाब, शीड सोड, इंजिनाने जा. मांडवीच्या तोंडापासून मालवण सरळ रेषेत चाळीसेक सागरी मैल. पाच नॉटने आठ तास. ताशी अडीच-तीन लिटर धर, म्हणजे २४ लिटर, वर निम्मे राखीव, ३६ झाले. किती ती चर्चा!

मांडवीकाठ | रात्री ११:३६

@तांबडो_नांगर, आठ तासांतले शेवटचे तीन तास १४ नॉटच्या वाऱ्यात तोंडावर जातील. तिथे पाच नॉट नाही, अडीच मिळतात. शिवाय छोटी उभी लाट, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर गेली की मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन हवा खातो, इंजिन बोंबलतं, पाणी खेचणं थांबलं की तापतं. @उलटा_वारा, आउटबोर्डचा शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा, १५ इंची की २० इंची?

उलटा_वारा | रात्री ११:४१

१५. का?

तांबडो_नांगर | रात्री ११:४४

मग माझा सल्ला मागे. १५ इंची नदीत ठीक, बाहेर नको.

सुशेगाद | सकाळी ७:१२

मालवणचा हट्ट कशाला? दक्षिणेला पाळोळ्याला जा. दुपारचा वायव्य वारा मागून-बाजूने मिळतो, काहीच कष्ट नाहीत. वाटेत ग्रांद बेट.

भांग_उधाण | सकाळी ७:२०

आणि परत येताना? तोच वारा तोंडावर. फक्त दुखणं रविवारवर ढकललं.

सुशेगाद | सकाळी ७:२२

परत यायचंच कशाला. 🙂

मांडवीकाठ | सकाळी ७:५०

मूळ प्रश्नाकडे. मालवण इथून वायव्य-उत्तरेला, म्हणजे दुपारचा वारा नेमका तोंडावर. टॅक मारत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाल तर चाळीसचे पासष्ट मैल होतात. म्हणून हा प्रवास मतलईवरच करायचा आणि दोन तुकड्यांत: पहिल्या पहाटे वेंगुर्ला, दुसऱ्या पहाटे मालवण.

मतलई रात्री उशिरा सुटतो, पहाटे चार ते आठ चांगला, चार ते आठ नॉट. नदीच्या तोंडांसमोर जास्त असतो. मांडवी, शापोरा, तेरेखोल या खोऱ्यांतून घाटाकडची गार हवा नळीतून यावी तशी बाहेर पडते. किनारा डोंगराळ आला की झोपतो. किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांत राहा, पाचच्या पुढे गेलात की हातातून गेला. होडी उत्तर-वायव्येला आणि वारा उजवीकडून आडवा, म्हणजे २४ फुटीला सर्वात सोपी चाल. जिथे मरेल तिथे इंजिन. मतलईच्या वेळी पाणी सपाट असतं, तुमचं १५ इंचीसुद्धा तेव्हा चालेल.

एक खूण लक्षात ठेवा. सकाळी पूर्वेचा वारा नेहमीपेक्षा जोरात आणि उशिरापर्यंत टिकला, तर खारा दुपारी दोनला येईल, पण येईल तो एकदम. अकरालाच वायव्येकडून हलका सुरू झाला तर हळूहळू चढेल. पहिल्या प्रकारच्या दिवशी मेनसेलची (मोठ्या शिडाची) एक घडी आधीच बांधून शीड लहान करून ठेवा.

हार्बरकर | सकाळी ८:०५

अंधारात नदीबाहेर पडायला सांगताय? मालीमच्या जेटीचे ट्रॉलर त्याच वेळी सुटतात. वर बार्जेस. हा सल्ला धोक्याचा आहे.

मांडवीकाठ | सकाळी ८:१४

या वेळी तुमचं बरोबर. म्हणून पणजीहून पहाटे निघूच नये. आदल्या दिवशी उजेडात खाली येऊन नेरूलच्या कोको बीचसमोर नांगर टाका, पण वाटेपासून बाजूला आणि नांगराचा पांढरा दिवा लावून. आग्वादच्या डोंगरामुळे वायव्येचा आडोसा मिळतो. तिथून साडेचारला सुटलं तर वेंगुर्ला चोवीस-पंचवीस मैल, चार नॉटने साडेदहाच्या आसपास. डिसेंबर अखेर सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणजे अंधारातले अडीच तासच.

त्या अडीच तासांत भीती जाळ्यांची. काळे कॅन, थर्माकोलचे तुकडे, बांबूला बांधलेलं फडकं. दहा मीटर खोलीच्या आत समुद्रकिनारी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), पुढे लावलेली जाळी. एक माणूस नाळेवर टॉर्च घेऊन, इंजिन तटस्थ करायला दुसऱ्याचा हात तयार. पंख्याला दोरी गुंडाळली तर उलट गिअर टाकू नका, आणखी आवळते. इंजिन बंद, वर उचला, दातेरी सुरीने कापा. आणि ते जाळं कोणाचं तरी आहे, शक्य तितकं वाचवून कापा.

भांग_उधाण | सकाळी ८:३३

निघायची तिथी मीच सांगतो. जुना हिशोब, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गोव्यात भरती त्याहून थोडी आधी येते, म्हणून पंचमी धरा. म्हणजे रात्री तीनच्या सुमारास भरती पूर्ण आणि साडेचारला चांगली ओहोटी लागलेली. ओहोटी बाहेर, मतलईही बाहेर, आग्वादच्या तोंडावर पाणी इस्त्री केल्यासारखं. याच्या उलट, दुपारी ओहोटी चालू असताना खारा वारा आत येत असेल तर त्याच जागी लाट भिंतीसारखी उभी राहते. परतताना भरती चढत असताना शिरा. नेमकी वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची, पाऊणपट फक्त दिवस निवडायला.

वाटेत दम लागला म्हणून शापोऱ्यात किंवा तेरेखोलात शिरायचा मोह नको. तोंडाशी वाळूची दांडी आहे आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. १.३ मीटरला अर्ध्या भरतीच्या खाली नाहीच.

उलटा_वारा | सकाळी ९:१०

पंचमी सुट्टीत बसते की नाही बघतो. एक राहिलं. मागच्या आठवड्यात दोन दिवस वारा नव्हता तरी वायव्येकडून लाट येत होती. अंदाजात वादळ वगैरे काही नाही. ही कुठून?

मांडवीकाठ | सकाळी ९:३१

इराणच्या आखातात हिवाळ्यात 'शमाल' नावाचा वायव्य वारा सुटतो. त्याची लाट अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिच्यावर काम केलेलं आहे. ओळख सोपी आहे, दोन लाटांमधलं अंतर घड्याळावर मोजा. सहा-आठ सेकंद आणि वायव्येकडून, म्हणजे शमाल. बारा-चौदाच्या वर आणि नैर्ऋत्येकडून, म्हणजे पार दक्षिण महासागराची, मंद आणि लांब. शमालची लाट आली असेल त्या दिवशी वेंगुर्ल्याचा नांगर झोप लागू देणार नाही. इन्कॉइसच्या (सरकारच्या सागरी माहिती केंद्राच्या) अंदाजात लाटेची उंची, दिशा आणि कालावधी मिळतो. एक मीटरच्या वर आणि आठ सेकंदांच्या आत दिसलं तर दिवस पुढे ढकला.

पोन्नानी | सकाळी ९:४०

"डिसेंबरात वादळ नाही" असंही गृहीत नको. २०१७ चं ओखी नोव्हेंबर अखेर कन्याकुमारीजवळून गेलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर गोव्यातल्या शॅकमध्ये पाणी शिरलं. वादळ किनाऱ्यापासून बरंच दूर होतं, पोचली ती लाट. महिना अखेरीस शक्यता कमी, तरी हवामान खात्याचं पत्रक रोज बघा.

हार्बरकर | सकाळी ९:५५

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. होडीची नोंदणी, विम्याची प्रत, माणसांची ओळखपत्रं. निघण्याआधी कॅप्टन ऑफ पोर्ट्सला (गोव्याच्या बंदर खात्याला) कळवा, मालवणला मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जा. व्हीएचएफ १६ (रेडिओची आणीबाणीची वाहिनी) चालू. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. हद्द ओलांडताना गस्ती बोट हटकते, तेव्हा कागद कोरड्या पिशवीत आणि हाताशी हवेत.

खोबरेल | सकाळी १०:०२

पहाटे वीस अंश असतं, भिजल्यावर गारठतं. स्वेटर घ्या.

उलटा_वारा | सकाळी १०:२०

हे मात्र उपयोगाचं. 🙏 तासातासाची फाइल उतरवली, आज अडीचला ११ दाखवतेय. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून सहाला निघून दहापर्यंत मालवणात शिरतो. बरोबर ना?

मांडवीकाठ | सकाळी १०:३८

निघा सहाला, शिरू नका दहाला. सिंधुदुर्गाच्या भोवती पाण्याखाली खडक आहेत आणि आत जाताना तोंड पूर्वेला असतं. दहाला ऊन डोळ्यांवर, पाणी चकाकतं, खडकाचा तपकिरी डाग दिसत नाही. बाहेर मोकळ्या पाण्यात थांबा, साडेअकरानंतर ऊन डोक्यावर आलं की शिरा. एक माणूस नाळेवर उभा, वेग दोन नॉट. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या दिवशी फोन करून मालवणातल्या एखाद्या मच्छीमार होडीला पुढे बोलवा आणि तिच्या मागोमाग आत जा. वेंगुर्ला रॉकचे खडक डावीकडे समुद्रात लांब राहतात, किनाऱ्याने गेलात तर त्यांचा त्रास नाही, पण निवतीच्या टोकाला चिकटू नका.

सुशेगाद | सकाळी १०:४१

पाळोळ्याला खडक नाहीत.

भांग_उधाण | सकाळी १०:४४

पाळोळ्याशेजारच्या काणकोणच्या बेटाला विचार.